वळचणीतला पेला

तो चहा मी पहिल्यांदा प्यालो तेव्हा घरात कोणी आजारी असावे आणि त्याच्यासाठी उकळलेला काढा चुकून माझ्यापुढे आला असावा, असे मला वाटले. दूध नाही, साखर नाही, आले नाही. रंग काताचा. वास भात काढून घेतलेल्या कणगीचा. चव कडू. मी ग्लास खाली ठेवला. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारले, "पुढं?"

"पुढं काय?"

"कडू लागला ना? तो समद्यांनाच लागतो. कडूच्या पुढं काय लागला ते सांगा."

मला पुढे काही लागले नव्हते. पडवीत आणखी एक गृहस्थ बसले होते, ते हसले. म्हणाले, "काका, पेपरवाल्यांना मथळ्याच्या पुढे वाचायची सवय नसते."

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी महाडला वार्ताहर होतो. मजकूर लिफाफ्यात घालून मुंबईला जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचा, उद्याच्या अंकात यायचा तर येईल, अशी ती नोकरी. पोलादपूरच्या वाटेवर, हमरस्ता सोडून आत, एका गावचा साकव पुरात वाहून गेला होता. तो पाहायला गेलो आणि पावसात अडकलो, म्हणून त्या पडवीत बसलो होतो. साकवाची बातमी चार ओळींत छापून आली. त्या घरी मात्र मी पुढे काही वर्षे जात राहिलो.

म्हातारा मालवाहू बोटींवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होता. घरची भातशेती भावांनी सांभाळली, याने अर्धे आयुष्य पाण्यावर काढले. एकदा त्याची बोट दुरुस्तीसाठी हाँगकाँगच्या गोदीत बरेच दिवस अडकली. गोदीजवळ एका चिन्याचे चहाचे दुकान होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चिनी चहा ओतायचा, हा प्यायचा, तोंड वाकडे करायचा, चिनी पुन्हा ओतायचा. बोट निघेपर्यंत याला त्या चहाची गोडी लागली. त्यानंतर हाँगकाँगला बोट लागली की तो त्या दुकानात जाऊन बसे.

पुस्तकांत त्या चहाला 'पुअर' म्हणतात असे मी नंतर वाचले. हाँगकाँगचे लोक 'बोले' म्हणतात. म्हातारा बोलेच म्हणे, आणि गावाला तेवढे पुरेसे होते. "काय म्हातारबा, आज बोलेल का तुमचा चहा?" रस्त्याने जाणारा हमखास विचारी. चहा सुटा नसे. भाकरीएवढ्या, दाबून दगड केलेल्या वड्या. प्रत्येक वडी पातळ कागदात, आणि सात वड्यांची चळत बांबूच्या सालीत बांधलेली. शेजाऱ्याला ती पेंड वाटली होती. म्हशीला घातली तर दूध वाढते का, असे त्याने खरोखरच विचारले होते.

हा चहा ठेवून पिकतो. नवा असतो तेव्हा जीभ सोलून काढतो. वर्षे जातात तसा त्याचा कडूपणा आत जातो आणि दुसरे काहीतरी वर येते. त्याला थोडी ओल लागते, थोडा वारा लागतो. ओल जास्त झाली तर बुरशी, कमी झाली तर तो आहे तसाच मरतो. म्हाताऱ्याने शेवटच्या फेरीत एक चळत आणली होती आणि माळ्यावर ठेवली होती. सहा वड्या त्याने मधल्या वर्षांत एकेक करून फोडल्या. सातवी वीस वर्षांची झाल्यावर फोडायची होती.

अडचण कोकणची होती. चार महिने जिथे चामड्याच्या चपलेवर पांढरी लव येते तिथे चहाची वडी वीस वर्षे टिकवायची. पावसाळ्यात तो दर काही दिवसांनी माळ्यावर चढे, कागद सोडून वास घेई, पुन्हा बांधे. माळ्यावर सुकट ठेवायची नाही, असा त्याचा दंडक होता. बायकोला तो मान्य नव्हता.

"सुकट नाय ठेवायची, कांदं नाय ठेवायचं. मंग माळा कशाला बांधलाव? देऊळ बांधायचा व्हता."

"वास लागतो गो त्याला."

"त्याला लागतो. मला इतकी वरसं तुमचा लागला, त्याचं काय?"

पडवीतले ते दुसरे गृहस्थ गावच्या शाळेचे गुरुजी होते. घर त्याच गावच्या बौद्धवाडीत, ओढ्यापलीकडे. शिरगणतीच्या कामाला घरोघर फिरत असताना ते या पडवीत आले होते. म्हाताऱ्याने सगळ्यांपुढे ठेवतो तसा चहा पुढे ठेवला. गुरुजींनी घोट घेतला, थांबले, आणि म्हणाले, "आवळा खाऊन वर पाणी प्यावं, तसं होतंय."

म्हाताऱ्याने हा प्रसंग मला अनेकदा सांगितला. कडू घोट गिळल्यावर घशातून मागे फिरून जी गोडी येते, तिला त्या चिन्याकडे एक शब्द होता. म्हाताऱ्याला तो शब्द उच्चारता येत नव्हता आणि मराठीत सांगता येत नव्हता. गुरुजींनी आवळ्याने तो सांगून टाकला. "आमच्या घरात इतकी माणसं," म्हातारा म्हणे, "समद्यांना दात हायत. जीभ एकाला नाय. जीभ हाय ती गुरुजींना."

तेव्हापासून रविवारी गुरुजी येत. मी कधीमधी असे. म्हातारा पोती शिवायच्या दाभणाने वडीची एक खपली उचकटे. झाकणाच्या भांड्यात ती टाकून वर उकळते पाणी ओती. हे पाणी डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचे, तो स्वतः किटलीतून आणी. विहिरीच्या पाण्यात चहा मुका होतो, हे त्याचे मत होते. पहिले पाणी प्यायचे नसते. ते पेल्यांवर ओतून पेले धुवायचे आणि टाकून द्यायचे. दुसऱ्यापासून प्यायचे. त्याच खपलीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतत जायचे, आणि प्रत्येक पाण्याची चव वेगळी. तिसरे पाणी खरे, असे म्हातारा म्हणे. चहा बिघडलेला असेल तर तिसऱ्यापुढे कोणी जात नाही.

गुरुजी कमी बोलत आणि नेमके बोलत. कडू आणि तुरट यांत लोक घोळ करतात, ते करत नसत. कडू जिभेच्या मुळाशी बसतो, तुरट गालांना धरतो, असे सांगत. एका वडीबद्दल ते म्हणाले होते की हिला दुसऱ्या पाण्यात ओल्या भिंतीचा वास आहे, पण चौथ्यात भिंत वाळते. म्हाताऱ्याने मान डोलावली होती. मी दोघांच्या मध्ये बसून कडू पीत होतो.

पेल्यांबद्दल सांगायला हवे. मला काचेचा ग्लास मिळे. त्या दोघांचे पेले मातीचे, तपकिरी, लिंबाएवढे, आतून झिलई नसलेले. म्हाताऱ्याने ते त्या चिन्याकडून आणले होते. अशी माती चहा पिते. म्हणून ज्याचा पेला त्याचाच, दुसऱ्याने त्यात प्यायचे नाही, असा त्या दुकानातला रिवाज होता. नेहमीच्या गिऱ्हाइकाला चिनी स्वतःचा पेला नेमून देई, आणि तो मोठा मान असे. म्हाताऱ्याने तो मान गावात एकट्या गुरुजींना दिला होता.

एकदा परत जाताना ओढ्यापर्यंत गुरुजी माझ्याबरोबर होते. मी न विचारता म्हणाले, "पहिल्या पाण्यानं ते दोन्ही पेले धुतात. स्वतःचाही. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं."

थोडे चालून मग म्हणाले, "आमच्या वडिलांना बाजारातल्या हॉटेलात चहा मिळायचा. मागच्या भिंतीला खुंटीवर कान तुटलेले कप असायचे. प्यायचा, धुवायचा, परत अडकवायचा. आता कुठे दिसत नाहीत तसे कप. पण नजर जाते."

म्हाताऱ्याच्या घरी जेवायची वेळ झाली की मला माजघरात पान वाढत. गुरुजी तोवर उठून गेलेले असत. त्यांना कोणी आत या म्हटले नव्हते आणि आत जायचे आहे असे त्यांनी कधी दाखवले नव्हते. आत चुलीचा धूर, चहा उघड्यावरच चांगला, हे कारण दोघांनाही पुरत होते.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात म्हाताऱ्याला ताप आला आणि लांबला. उठला तेव्हा त्याचा वास गेला होता. मग चवही गेली. महाडच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाकात बॅटरी मारली आणि या वयात परत येईल असे वाटत नाही म्हणून सांगितले. मी भेटायला गेलो तर तो पडवीत बसून लसणीची पाकळी चावत होता.

"काय नाय," तो म्हणाला. "लाकूड चावल्यागत."

सातवी वडी वीस वर्षांची व्हायला एक पावसाळा उरला होता. आयुष्यात एकच गोष्ट त्याने इतकी वर्षे सांभाळली होती, आणि ती साधली की कुजली हे कळण्याचे साधन त्याच्याकडे उरले नव्हते. त्याने ते रडगाणे केले नाही. "माझी जीभ ग्येली तं ग्येली," तो म्हणाला. "गुरुजींची हाय. ते सांगतील तसा झाला."

पुढच्या रविवारी गुरुजी आले. मीही होतो. एरवी गुरुजी येईपर्यंत म्हाताऱ्याने दोन्ही पेले पाटावर मांडलेले असत. त्या दिवशी अंगात ताकद नव्हती, म्हणून त्याने बसल्या जागेवरून बायकोला हाक मारली.

"अगो, माझा पेला दे फडताळातला. आन् गुरुजींचा काढ वळचणीतनं."

बायकोने आतून एक पेला आणून पाटावर ठेवला. मग पडवीच्या कडेला जाऊन, टाचा उंचावून, कौलांखालच्या वाशात हात घातला आणि दुसरा काढला. त्यावर कोळिष्टक होते. तिने ते फुंकले आणि पेला पाटावर ठेवला. पहिल्यापासून थोडा दूर.

गुरुजी त्या दोन पेल्यांकडे पाहत होते.

"काका, तुमचा फडताळात असतो होय?"

म्हाताऱ्याने झाकणाचे भांडे जवळ ओढले.

"आणि माझा बाहेर."

"आत धूर असतो, गुरुजी. सुकटीचा वास. मातीला लागतो तो. म्हनून बाहेर..."

"तुमच्याला लागत नाही?"

माती वास धरते हे खरे होते. ते फडताळातल्या पेल्यालाही खरे होते. गुरुजी उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "तब्येतीला जपा." आवाज चढला नाही. चहा झाला नाही.

ते ओढ्याकडे उतरेपर्यंत म्हातारा बायकोकडे वळला होता. "तू ठेवलास तो तिथं."

"मी ठेवला," ती म्हणाली. "आन् तुमी दर रविवारी तिथनंच काढत व्हतात. तवा तुमचा हात नव्हता का दुखत?"

गुरुजी परत आले नाहीत. रस्त्यात भेटले तर नमस्कार करत, तब्येत विचारत. पडवी चढत नसत. म्हाताऱ्याने वळचणीतला पेला आत नेऊन आपल्या पेल्याशेजारी फडताळात ठेवला आणि तो मला मुद्दाम दाखवला. गुरुजींना कळवा, असे म्हणाला. मी कळवले. गुरुजी म्हणाले, "आता ठेवला, हे मला कळलं. बरं झालं."

पावसाळा आला आणि गेला. वडी बांधलेलीच होती. म्हातारा माळ्यावर चढे, पण वास घ्यायला नाक नव्हते. कागदावर बोट फिरवी आणि बोटाला बुरशी लागली का ते पाही. दसऱ्यानंतर त्याने मला ती उघडून वास घ्यायला लावले. मला ओल आली, लाकूड आले, आणि आणखी काही आले ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मी तसे सांगितले. "तुमचा उपेग नाय," तो म्हणाला. "गुरुजींना इचारा, काय केलं तर येतील."

मी विचारले. गुरुजी शाळेच्या पायरीवर बसून तपासलेली पाटी पुसत होते. म्हणाले, "मी इतकी वर्षं गेलो. आता त्यांना माझ्या घरी चहा घेऊन यायला सांगा. चव नक्की सांगेन."

म्हाताऱ्याने यावर काही दिवस घेतले. ओढ्यापलीकडे तो पूर्वी गेला नव्हता असे नाही. मजूर बोलवायला, मयताला, वाडीच्या तोंडाशी उभा राहून आला होता. कोणाच्या घरात बसला नव्हता. शेवटी एका रविवारी सकाळी तो निघाला आणि मला बरोबर घेतले. काखेत कागदात बांधलेली वडी, पिशवीत दोन्ही पेले, झाकणाचे भांडे आणि दाभण. दुसऱ्या हातात किटली होती. झाकण फडक्याने बांधलेले. ओढा ओलांडताना त्याने माझा हात धरला, किटली मात्र माझ्याकडे दिली नाही.

गुरुजींनी दारात येऊन "या, आत या" म्हटले. आत सतरंजी अंथरली होती. भिंतीवर दोन तसबिरी, खाली शाळेच्या पुस्तकांची रांग. गुरुजींच्या पत्नीने स्टो पेटवून ठेवला होता, त्यावर पातेले. म्हाताऱ्याने इकडे तिकडे पाहिले आणि सतरंजीवर बसला. एवढे त्याने केले.

गुरुजींनी वडी हातात घेतली. कागद सोडला. दोन्ही बाजूंनी पाहिली, नखाने कडा दाबली, नाकाशी नेऊन डोळे मिटले. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. मग गुरुजींनी दाभणाने खपली काढली आणि पत्नीला म्हणाले, "पाणी झालं का?"

"झालं."

"ते नको," म्हातारा म्हणाला. "मी आणलाय पाणी." त्याने किटली पुढे केली.

गुरुजींनी दाभण खाली ठेवले. महाड तालुक्यात पाण्यावरून काय होते आणि काय झाले आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

"का?" गुरुजींनी विचारले.

"चहाला हाच लागतो. तुमाला ठावं हाय."

"आमच्या विहिरीचं पाणी तुम्ही कधी प्यालात?"

"नाय."

"मग त्यात चहा बिघडतो हे कसं कळलं?"

"समद्याच विहिरींनी बिघडतो. आमच्या पन."

"काका, तुम्हाला आता झऱ्याचं काय आणि विहिरीचं काय. मग हे ओझं कोणाच्या जिभेसाठी आणलंत?"

"तुमच्या," म्हातारा म्हणाला.

ते खरेही असू शकत होते. वीस वर्षांच्या वडीचा निकाल अनोळखी पाण्यात लावायचा नाही, हे चहा जाणणारा कोणीही म्हणाला असता. गुरुजी स्वतः म्हणाले असते. त्यांनी थोडा वेळ किटलीकडे पाहिले.

"माझ्या जिभेला हे पाणी जन्मापासून माहीत आहे," ते म्हणाले आणि पातेले उतरवले.

त्यांनी सगळे रीतीप्रमाणे केले. पहिले पाणी दोन्ही पेल्यांवर ओतले, टाकले. दुसरे भरले. एक पेला म्हाताऱ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला. मला कप दिला. गुरुजींनी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. चेहऱ्यावर काही आले नाही. मलाही नेहमीचे कडू लागले.

"कसा झालाय?" म्हाताऱ्याने विचारले.

"प्या," गुरुजी म्हणाले. "मग सांगतो."

म्हाताऱ्याने पेला उचलला. तोंडापर्यंत नेला नाही. दोन्ही हातांत धरून बसला, जणू थंडी आहे. गुरुजी थांबले. त्यांची पत्नी दारात उभी होती, तीही थांबली. वाफ संपली तेव्हा म्हाताऱ्याने पेला सतरंजीच्या कडेला ठेवला, किटली उचलली आणि उठला.

"वडी राहू दे तुमच्याकडं," तो म्हणाला. "मला काय करायची."

"बरं," गुरुजी म्हणाले.

मी त्याच्याबरोबर बाहेर पडलो. ओढा त्याला एकट्याला उतरता आला नसता. वाटेत त्याने एकदाच विचारले, "तोंडावरनं काय वाटलं हो त्यांच्या?" काही दिसले नाही, असे मी सांगितले.

महिन्याभराने शाळेच्या वाटेवर गुरुजी भेटले. मी सरळ विचारले. ते म्हणाले, "त्या दिवशी दिवे लागेपर्यंत पाणी ओतत होतो. घरातले सगळे प्याले." चव कशी ते सांगितले नाही, आणि हे सांगू नका असेही म्हणाले नाहीत.

मी त्याच दुपारी म्हाताऱ्याच्या पडवीत जाऊन सांगितले. बायको सुपात तांदूळ निवडत होती. म्हातारा बोटांवर हिशेब करू लागला.

"दिवे लागंपर्यंत," तो म्हणाला. "मंजी तिसऱ्याच्या किती पुढं ग्येला. मंग चांगलाच झाला असनार."

"असणार," मी म्हणालो.

"मंग त्यांनी मला सांगितला का नाय?"

सुपावरून मान वर न करता बायको म्हणाली, "तुमी प्यालाव का त्यांच्याकडं?"

"नाय."

"मंग," ती म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.